पहिली वाऱ्याची

ते कुणाचंही दार दोनदाच वाजवायचे. एकदा टक, मग मनातल्या मनात काही मोजल्यासारखं थांबणं, मग पुन्हा टक. उघडलं तर उघडलं, नाही तर चपला फिरवून परत. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते माझ्या क्वार्टरवर आले तेव्हा मी नळाखाली डोकं धूत होते. दोन्ही वेळचा आवाज मला ऐकू आला. केस गुंडाळून बाहेर येईपर्यंत सायकल फाटकाबाहेर गेलेली. पत्रिका कडीत खोचून जाता आलं असतं, पण तसं करणं त्यांच्या मते तिसऱ्यांदा दार वाजवण्यासारखं होतं. मी बिनपत्रिकेची लग्नाला गेले. मांडवात मला बघून ते म्हणाले, "आल्या व्हय? म्या येऊन गेलतो." आणि मला पहिल्या पंगतीत बसवलं.

पैठण रस्त्यावर, चितेगावच्या पुढे, एका मोठ्या वीज उपकेंद्रात मी सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा ते तिथले सर्वांत जुने ऑपरेटर होते. कागदावर मी त्यांची साहेब. कागदाबाहेर कोण कुणाचं साहेब होतं ते पहिल्या आठवड्यातच कळलं. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. मूळचे सोयगावकडचे. तिकडची कपाशीची शेती भावाकडे, आणि हे नोकरीपायी चितेगावात घर बांधून राहिलेले. उंच, वाळकी अंगकाठी, करडा शर्ट कडक इस्त्रीचा, मनगटावरचं घड्याळ तबकडी आत करून बांधलेलं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "येळ मला बगायची हाय, लोकाला नाय."

कंट्रोल रूममध्ये भिंतभर लोखंडी पॅनेलं असतात. त्यांवर दिवे, काटे आणि शेकडो स्विच. दर तासाला मामा उठायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका स्विचला बोटाचं टोक लावत जायचे. गावाला निघताना आई पोरांची डोकी मोजते तसे. आम्ही नव्या पिढीचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळं दिसत असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "पडदा सांगतो ते म्या ऐकतो की. पन बोट लावल्याबिगर माझं इमान बसत नाय." तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे आलं नाही.

पहिल्याच दिवशी हूटर वाजला. हूटर म्हणजे काही बिघडल्यावर कंट्रोल रूममध्ये बोंबलणारा भोंगा. मी खुर्चीतून उडाले, चहा रजिस्टरवर सांडला. मामांनी फक्त उजव्या हाताची तर्जनी वर केली.

"थांबा म्याडम. इचारू द्या तिला."

मी काही बोलायच्या आत बाहेरच्या यार्डातून धाडकन दुसरा आवाज आला आणि पॅनेलवरचे काटे मुकाट जागेवर गेले. सगळा मामला सेकंदाभराचा.

हे मी इंजिनिअरिंगला शिकले होते. उच्च दाबाच्या लाइनीवर येणारे बहुतेक दोष क्षणाचे असतात. वीज पडते, पतंगाचा ओला दोरा अडकतो, बगळा पंख पसरून नको तिथे बसतो. मोठी ठिणगी उडते, यार्डातला मोठा स्विच म्हणजे ब्रेकर उघडतो, लाइन मरते. तोवर दोरा जळून गेलेला असतो, बगळा खाली पडलेला असतो. म्हणून ब्रेकर एक सेकंद थांबतो आणि आपणहून पुन्हा जोडतो. दोष गेला असेल तर लाइन सुरू होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवा नुसता लुकलुकतो आणि कुणी मान वर करून बघतही नाही. दोष तसाच असेल, तर ब्रेकर पुन्हा उघडतो आणि मग कुलूप. त्यानंतर तो आपणहून जोडत नाही. माणसांनी लाइनीखालून टॉवर टॉवर करत चालत जायचं, काय अडलंय ते शोधायचं, कळवायचं, आणि मगच हाताने लाइन घ्यायची. याला ऑटो रिक्लोज म्हणतात. पुस्तकात ते चार पानं आणि दोन आलेखांत होतं. मामांनी ते चार शब्दांत बसवलं होतं: "पहिली वाऱ्याची, दुसरी तुमची."

लाइन एकदा पडून परत आली की लॉगबुकात वेळ आणि रिलेवरची, म्हणजे दोष पकडणाऱ्या यंत्रावरची, खूण लिहायची, एवढाच नियम. मामा पुढे कंसात कारणही लिहायचे. "बगळा." "पतंग." "पाचट." उसाची तोड झाली की शेतकरी फडातलं पाचट पेटवतात आणि वरून लाइन जात असेल तर त्या धुरातून वीज जमिनीकडे उडी मारते. पाचटाला मामा लई नाराज. "पाचटाचं बेनं वाईट. एका सेकंदानं ऐकत नाय. आग हाय तोवर धूर हाय." ही कारणं ते खुर्चीत बसून लिहायचे. नंतर लाइनमन सांगायला यायचे तेव्हा दहापैकी आठ वेळा तीच निघायची. उरलेल्या दोन वेळा मामा कारण खोडून नवीन लिहायचे आणि खोडलेल्यावर सही करायचे.

लाइनीला कुलूप बसलं की मात्र ते काही लिहायचे नाहीत. "चालून या, मंग बोला," एवढंच. वरून लोड डिस्पॅचचे, म्हणजे राज्यभरची वीज वाटणाऱ्या कार्यालयाचे, फोन यायचे, कारखान्यांचे यायचे, कधी कुण्या पुढाऱ्याच्या माणसाचा यायचा. एकदा घेऊन तर बघा, एक ट्रायल द्या, काय होतंय. मामा शांतपणे म्हणायचे, "साहेब, तुमी फोनवर हाय, म्या खुर्चीत हाय. लाइनीखाली कोन हाय ते चालल्याबिगर आपल्याला कसं कळंल?" पलीकडचा आवाज चढला की ते रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून लॉगबुकात फोनची वेळ लिहीत बसायचे.

इथवर सगळं ठीक होतं. अशा माणसाच्या हाताखाली आपला जीव सुरक्षित असतो. पंचाईत ही की हाच नियम ते माणसांनाही लावायचे.

पुण्याला दिलेल्या मुलीला फोन लावला आणि तिने उचलला नाही, तर मिनिटभराने पुन्हा लावायचे. दुसऱ्यांदाही नाही उचलला तर मग ती स्वतः करेपर्यंत आठवडा जावो की महिना. मुलीने बिचारीने बापासाठी वेगळी रिंगटोन ठेवली होती. आमच्या फाटकाबाहेर एका चाचांची चहाची टपरी होती. मामांना साखरेचा आजार. एकदा चाचांनी चुकून साखर घातली. मामांनी घोट घेतला, कप खाली ठेवला, पैसे दिले. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा कप खाली ठेवून जे उठले ते कायमचे. दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास. टपरीसमोरून रोज जायचे, पण मान वळायची नाही. चाचा फाटकाबाहेर माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले, "मॅडम, पहली बार डाला था वो कब, दूसरी बार कब! बीच में इत्ते दिन गये. इन्साफ है क्या ये?"

चाचांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. लाइन परत आल्यावर काही वेळ नीट राहिली की ब्रेकरही मागचं विसरतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करतो. मामांची विसरायची मुदत किती, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटतं ती माणसागणिक वेगळी होती. साखरेच्या बाबतीत फार लांब असावी.

पण पहिली चूक ते माफ करायचे ती अशी, की पुन्हा म्हणून तिचं नाव निघायचं नाही. एका नवीन ऑपरेटरने भलताच स्विच ओढून अर्धं चिकलठाणा अंधारात घातलं. चौकशी आली, निभावली गेली. नंतर जेवणाच्या सुट्टीत कुणी त्याला त्यावरून चिडवलं, तर मामा डबा बंद करून उठले. "ते मिटलंय. मिटलेलं उकरायचं आसंल तर म्या भायेर बसून जेवतो." मिटलं म्हणजे त्यांच्या लेखी खरंच मिटलं. मी सांगणार असलेल्या गोष्टीत हेच मला उशिरा कळलं.

माझ्या हातून पहिली चूक रुजू झाल्याच्या वर्षीच झाली. लाइनीवर माणसं काम करत असतील तर रिक्लोज बंद ठेवायचं असतं, म्हणजे काही झालंच तर लाइन पडेल आणि पडलेलीच राहील. काम संपल्यावर मी ते परत चालू करायला विसरले. चार दिवसांनी कुठलासा बगळा बसला, लाइन पडली आणि सेकंदात यायची ती पाऊण तास आली नाही. मामा उठले. माझ्यादेखत स्विच फिरवला आणि लॉगबुकात लिहिलं, "बगळा."

दुसरी त्यानंतर दीडेक वर्षाने. उन्हाळा होता, पावसाआधी लाइनीकडेची झाडं छाटायचं काम चाललं होतं. ठेकेदार त्यासाठी चितेगावच्या पलीकडच्या वस्तीवरची माणसं घ्यायचा. शेळ्यामेंढ्या राखणारी माणसं ती, झाडावर सरसर चढणारी, लांब बांबूला विळा बांधलेल्या आकडीवर त्यांचा हात बसलेला. गँगच्या सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, कडुलिंबाला हात घालतोय, लाइन चालूच ठेवा, फक्त रिक्लोज काढा." लाइनीच्या दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्राला त्याने आधीच सांगितलं होतं, आमचं टोक माझ्यावर होतं. मी म्हणाले, "हो, काढते." फोन ठेवला तोच दुसरा वाजला. विभागीय कार्यालयाला कसलीशी माहिती तातडीने हवी होती, तक्त्यात भरून. मी तक्ता भरायला बसले.

झाडावरच्या माणसाने काय केलं ते नंतर कळलं. शेळ्यांसाठी पाला पाडताना ही माणसं फांदी पुरती तोडत नाहीत. सालीवर लोंबती ठेवतात, म्हणजे जनावरांना खालून ओढून खाता येते आणि झाडही मरत नाही. त्याचा हात सवयीने तसाच चालला. कडुलिंबाचा शेंडा अर्धा तुटून सालीवर राहिला, झुळूक आली आणि तो तारेकडे कलला.

हूटर वाजला. मामांनी तर्जनी वर केली. मी तक्त्यावरून मान वर केली आणि त्या सेकंदात मला आठवलं. रिक्लोज काढायचं राहिलं होतं. मी यार्डातल्या धाडकन आवाजाची वाट बघत होते. एक सेकंद गेला. दोन गेले. मामांचं बोट तसंच वर. आवाज आला नाही.

मी पॅनेलकडे बघितलं. रिक्लोजचा स्विच बंद होता. तो मी बंद केलेला नव्हता. माझा फोन ऐकून, बोट लावत फिरताना मामांनीच केला असणार.

मामांनी बोट खाली घेतलं, हूटर थांबवला, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि लॉगबुक ओढून लिहायला लागले. लाइन पडल्याची वेळ, रिलेची खूण, आणि त्याखाली: "मॅडमच्या सूचनेवरून रिक्लोज आधीच बंद केले होते." मी ते वाचलं. त्यांनी वर बघितलं नाही. वीस मिनिटांनी सुपरवायझरचा फोन आला. माणूस दोराने फांदीला बांधलेला होता, ठिणगीने भुवया जळाल्या, कानठळ्या बसल्या, पण जिवंत होता आणि स्वतःच्या पायांनी खाली उतरला होता. तो उतरेपर्यंत शेंडा तारेला टेकलेलाच होता. लाइन परत आली असती तर काय झालं असतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मामा माझ्याशी नेहमीपेक्षा जास्तच बोलले. कपाशीचे भाव, सोयगावच्या बाजारातल्या मिरच्या, मुलीला दिवस गेल्याची बातमी. मला वाटलं, सुटले.

आठवड्याने तो माणूस उपकेंद्रावर आला. भुवया नसलेला चेहरा, डोक्याला लाल पटका, खांद्यावर नवी काळी घोंगडी. कंट्रोल रूमच्या दाराशी पायताण काढून आत आला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "म्याडम, सुपरवायझर सायबानं सांगितलं. तुमी आधीच बटन बंद केलं म्हून म्या लेकराबाळांत हाय. घरची लोकर हाय, म्हातारीनं सूत काढलंय. घ्या." मी म्हणाले, "अहो, ते आमचं कामच आहे. जपून चढत जा." आणि घोंगडी घेतली. जड होती, नव्या लोकरीचा उग्र वास येत होता. मामा पॅनेलपाशी उभे राहून एकेका स्विचला बोट लावत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं बंद झालं.

मी हिशेब केला. पहिली, रिक्लोज चालू करायला विसरले. दुसरी, बंद करायला विसरले. नियम नियम आहे. आठवडाभर विचार करून त्यांनी कुलूप घातलं असणार, अशी मी मनाची समजूत घातली. थोडा रागही आला. दीड वर्ष म्हणजे काही कमी मुदत नाही, चाचा म्हणत होते त्यात तथ्य आहे, असं वाटायला लागलं.

पुढची तीन वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. कामाचं सगळं चोख व्हायचं. मी सांगितलेलं ते करायचे, त्यांना सांगायचं असेल ते लॉगबुकात लिहायचे किंवा तिसऱ्याला म्हणायचे, "म्याडमला सांगा, यार्डात साप हाय." मी समोर बसलेली असायचे. सुरुवातीला बाकीचे हसायचे, मग त्यांनाही सवय झाली. मला झाली नाही. बदलीचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. एवढा ताठा बरा नव्हे, असं मला तेव्हा वाटायचं, आजही वाटतं. पण हूटर वाजला की ते बोट वर करायचे आणि "थांबा म्याडम" म्हणायचे नाहीत, ते मला फार लागायचं. बाकी काही नको होतं. त्यांनी परत माझ्याशी बोलावं, एवढंच हवं होतं.

मग माझी शहरात बदली झाली आणि वर्षभरात मामा निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी गेले, भाषणही केलं. मी बोलत होते तोवर मामा आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ बघत होते. भाषणं संपत आली तेव्हा दाराशी गलबला झाला. फाटकावरचे चाचा, जे कधी आत आले नव्हते, हातात झाकलेला कप घेऊन चालत येत होते. सगळ्यांच्या मधून ते सरळ मामांपुढे जाऊन उभे राहिले. "मामा, उस रोज मेरा ध्यान ग्राहक से झगडने में था. तुम्हारा कप कौनसा, दूसरे का कौनसा, देखाच नहीं. शक्कर मैंच डाला था." मामांनी कप घेतला, घोट घेतला आणि म्हणाले, "गवती चहा टाकायचं सोडलं का काय तुमी?" झालं. दोघंही खुर्च्या ओढून बसले आणि गवती चहावर बोलायला लागले.

मी घरी येताना गाडीत तेच आठवत होते. चाचा आधी माझ्याकडे आले होते, इन्साफ मागायला. मामांकडे कधी चालत गेले नव्हते, आणि काय चुकलं ते नाव घेऊन कधी सांगितलं नव्हतं. कुलूप बसलेल्या लाइनीला दुसरं काय लागतं?

तरी मला जायला पुढचा हिवाळा उजाडला. एका रविवारी सकाळी गाडी चितेगावच्या रस्त्यावर लावून मी त्यांच्या घरापर्यंत चालत गेले. दार एकदा वाजवलं, थांबले, पुन्हा वाजवलं. दार मामींनी उघडलं. त्यांनी पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "ते बोलनार नायती तुमच्यासंगं. पन तुमी आल्या ते बरं झालं." आतून मामा आले. मला बघितलं, खुंटीवरचं उपरणं घेतलं, चपला घातल्या आणि रस्त्याला लागले. मामींनी मला डोळ्यांनी जा म्हणून खुणावलं. मी मागे निघाले.

ते लाइनीखालून चालले होते. त्याच लाइनीखालून. हरभऱ्याची शेतं, मग मुरमाड माळ, मग पाटाचं पाणी. तिसऱ्या टॉवरशी ते थांबले.

"काय सापडलं?"

लाइन चालून आलेल्या लाइनमनला विचारतात तो हा प्रश्न. चार-साडेचार वर्षांत त्यांनी माझ्याशी उच्चारलेलं पहिलं वाक्य. मी तयारीने आले होते. म्हणाले, "स्विच. गँगला हो म्हणाले आणि खुर्चीतून उठले नाही. आधी एकदा चालू करायला विसरले होते, ती पहिली. ही दुसरी."

"ती बगळ्याची व्हय?" मामांच्या कपाळाला आठी पडली. "ती कवाच पुसली. आन ही स्विचची, तीच पहिली. म्या सोता लिवून मिटवली नाय का?" ते पुन्हा चालायला लागले. "पुढं चला."

पुढचे चार टॉवर मी काय शोधायचं याचा विचार करत चालले आणि मला काही सापडेना. जे चुकलं ते सांगून झालं होतं. मग माळ संपला आणि बोडका कडुलिंब दिसला. शेंडा नाही, पण खोडाला नवे धुमारे फुटलेले. त्याच्या पलीकडे पाच-सहा घरांची वस्ती, काटेरी कुंपणात शेळ्या. एक माणूस कुंपणाशी उभा होता. भुवया परत आल्या होत्या, तरी मी ओळखलं. त्याने तर मला लांबूनच ओळखलं.

"म्याडम! आगं ए, भायेर ये! ह्याच त्या!" बायको पदर सावरत आली. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरेपर्यंत लावून झाला होता. तो म्हणाला, "दर जत्रंला तुमच्या नावानं नारळ फोडतो आमी. घोंगडी उबदार हाय ना?"

घोंगडी माझ्या घरी दिवाणावर अंथरलेली असते. पाहुणे विचारतात तेव्हा मी सांगते, एका माणसाने दिली, कामातली आठवण आहे.

मी मामांकडे बघितलं. ते तारेकडे बघत होते.

मला लाज वाटली. इतकी की तिथून चालायला लागावं असं वाटलं. पण गाडी सात टॉवर मागे होती आणि इतकं चालून आल्यावर न सांगता जाणं म्हणजे पुन्हा तेच होतं. "दादा," मी म्हणाले, "बटण मी बंद केलं नव्हतं. मला सांगितलं होतं आणि मी विसरले. ते मामांनी केलं. मला माहीत होतं, तरी तुमची घोंगडी मी घेतली."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे, मग कडुलिंबाकडे. हसू तोंडावरच राहिलं होतं, ते हळूहळू गेलं. तो वळला आणि घराच्या मागे निघून गेला. बायको पदराचं टोक तोंडाशी धरून तशीच उभी राहिली. मी म्हणाले, "मामा, मी निघते."

मामांनी तर्जनी वर केली.

"थांबा म्याडम. इचारू द्या त्याला."

मी थांबले. एक सेकंद गेला, मग कितीतरी गेले. मामांचं बोट वरच होतं. घरामागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग तो आला. हातात अर्धं भरलेलं दुधाचं पातेलं होतं.

"अडून बसली व्हती बकरी," तो बायकोला म्हणाला. "चूल पेटीव." पातेलं तिच्याकडे देऊन तो माझ्याकडे वळला, पण बघत मात्र जमिनीकडे होता. "दिलेली चीज आमी माघारी घेत नाय. ती घोंगडी मामाला द्या."

"देते," मी म्हणाले.

"आन च्या घेऊन जावा."

मामांनी बोट खाली घेतलं. "बसा म्याडम," ते म्हणाले.